अर्धा तांब्या पाणी आणि सात कंगुरे

नवा माणूस गावात आला की लोक त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात आणि बाकीचं जरा आडवळणाने काढून घेतात. मिस्त्रींनी मला यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पावलं मागे सरकले, एक डोळा मिटला, आणि माझ्या गुडघ्यापासून टाळूपर्यंत हवेतल्या हवेत चार-पाच विती मोजल्या. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "देऊन टाक खोली ह्यायला. लहान कंगुऱ्यात भागतंय ह्यायचं."

मी लोखंडी पेटी आणि वळकटी घेऊन तसाच उभा. पंचवीस वर्षांचा, पहिल्याच नेमणुकीचा ग्रामसेवक. हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होती, आणि औंढ्याच्या रस्त्यावरून आत फुटणाऱ्या त्या गावात भाड्याने खोली मिळेल असं एकच घर होतं, ते मिस्त्रींचं. आपल्याला खोली मिळाली हे कळलं, पण कशात भागलं ते कळायला मला आठवडा लागला.

किल्ल्याच्या तटावर दातांची रांग असते. एक दात, एक फट, पुन्हा दात. दाताआड लपायचं, फटीतून बघायचं. पुस्तकात त्यांना चर्या म्हणतात. आमच्या भागात निजामाच्या वेळेपासून कंगुरा म्हणतात. मिस्त्रींच्या मते कंगुरा असा हवा की त्याच्याआड उभा राहिलेला माणूस गुडघ्यापासून टाळूपर्यंत झाकला जावा. गुडघ्याखाली भिंत असतेच. म्हणून जगातल्या प्रत्येक माणसाला एक माप होतं. मला साडेचार विती. तलाठ्याला पाच, पण रुंदीला दीडपट. लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला की वऱ्हाड हुंडा-मानपानाचं कुजबुजायचं आणि आमचे मिस्त्री मांडवाच्या खांबाला टेकून म्हणायचे, "पोरगं चांगलं हाय. पण कंगुरा सहा विती लागंल, त्याला गढीवर ठिवायचं काम न्हाई."

त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा. त्यांचं नाव रेशनकार्डावर होतं, ते मीच एकदा वाचलं, आणि मग मीही विसरून गेलो.

मिस्त्रींचं घराणं मेंढरं वळणारं. हे मात्र सोळाव्या वर्षी काठी टाकून एका उस्तादाच्या मागे लागले आणि थापी हातात घेतली. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा गवंडी नव्हता. त्यांनी बांधलेली भिंत गळत नसे, फुगत नसे, पन्नास वर्षं उंदराला दाद देत नसे. फक्त एक होतं. त्यांच्या हातून भिंत सरळ संपत नसे. मालकाने कितीही बजावलं, "मिस्त्री, साधी भिंत पायजे," तरी ते मान डोलवायचे, आणि संध्याकाळी मालक येऊन बघतो तर भिंतीला दात आलेले.

त्यामुळे आमच्या गावाचा थाट काही वेगळाच होता. मिस्त्रींच्या घराला कंगुरे होते हे सोडा. कोंबड्यांच्या खुराड्याला होते, पिंपळाच्या पाराला होते, मारुतीपुढच्या तुळशीवृंदावनाला बोटाएवढे होते. शाळेच्या मुतारीला अकरा होते. मुख्याध्यापकांनी त्याबद्दल माझ्याकडे लेखी तक्रार केली होती की शासकीय इमारतीस किल्ल्याचे स्वरूप आले आहे. मी तक्रार मिस्त्रींना वाचून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, "लेकरायला आडोसा तिथंच जास्ती लागतो, साहेब."

मिस्त्रींची बायको, म्हणजे आमच्या मामी, शेळ्या पाळायच्या. उन्हं कलली की शेळ्या रानातून यायच्या, जिन्याने थेट गच्चीवर चढायच्या, आणि प्रत्येक शेळी आपापल्या ठरलेल्या कंगुऱ्यावर चारी पाय जुळवून उभी राहायची. मागे केशरी आभाळ, कयाधू नदीकडून येणारा वारा, आणि ओळीने उभी दाढीवाली फौज. रवंथ करत कुठेतरी लांब बघणारी. मी खाली बाजेवर पडून त्यांच्याकडे बघायचो आणि ग्रामपंचायतीचं दप्तर, पंचायत समितीची पत्रं, सगळं त्या फटींतून कुठेतरी उडून जायचं. मामी ओरडायच्या, "मिस्त्री, तुमच्या किल्ल्याला लेंड्या पडून राहिल्या." मिस्त्री म्हणायचे, "पहारा हाय तो. पहाऱ्याला बोलायचं नसतं."

आता त्यांच्या मुख्य खोडीकडे येतो.

कुणाच्याही घरी गेले की मिस्त्री पाणी मागायचे. तांब्या वरून धरून अर्धा प्यायचे, आणि उरलेला अर्धा उठून खिडकीच्या खालच्या काठावर ओतायचे. मग वाकून बघत राहायचे, पाणी कुठे जातंय ते. बाहेर गेलं तर हुंकार. आत आलं तर मान हलवायची आणि यजमानाकडे अशा नजरेने बघायचं, जणू त्याच्या घरात कुणी आजारी आहे. बँकेत हे केलं, दवाखान्यात केलं. विहिणीच्या घरी सोयरीक ठरवायला गेले तेव्हाही केलं आणि पाणी सरळ विहिणीच्या शिवणयंत्रावर गेलं. मामींनी त्यांना याचं कारण कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणायच्या, "काही माणसं तंबाखू खातेत, हे पाणी वततेत."

एकदा मी त्यांच्याबरोबर औंढ्याला गेलो. लोक नागनाथाच्या रांगेत उभे राहिले. मिस्त्री बाहेरच्या तटाला प्रदक्षिणा घालायला निघाले, हात भिंतीला लावून, सावकाश. म्हटलं, देव आत आहे. म्हणाले, "देवाला बघायला एवढे आलेत की. भितीला कोण बघून राहिलंय?" मग एका दगडावर बसून त्यांनी मला लढाईचा कंगुरा आणि शोभेचा कंगुरा यातला फरक सांगितला. लढाईचा जाड आणि ठोकळ. शोभेच्याला पाकळी असते, टोक असतं, कधी मधोमध कमळ असतं, आणि त्याच्याआड मांजरसुद्धा लपू शकत नाही. मी विचारलं, मग तो करतात कशाला? त्यांनी भिंतीवरच्या पारव्यांकडे बघितलं.

"भ्याव गेलं तरी कंगुरा ऱ्हातो, साहेब," ते म्हणाले. "मंग मागून आलेले म्हणतेत, काय छान दिसून राहिलाय."

मला ते त्या दिवशी नुसतंच गोड वाटलं होतं. त्याचा अर्थ पुढे माझ्या चपलांवर सांडणार होता.

आमच्या गावात गढी होती. देशमुखांची. देशमुख केव्हाच हैदराबादला जाऊन स्थायिक झाले होते आणि गढीचं काय उरलं होतं म्हणाल तर पांढऱ्या मातीचा एक मोठा ढीग आणि दक्षिणेच्या अंगाला एक बुरूज. बाकीची गढी गावाने खाल्ली होती. खाल्ली म्हणजे खरोखरच संपवली. आमच्याकडे जुन्या घरांना माळवद असतं, मातीचं सपाट छप्पर, आणि पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. ही माती दाबून बसवली की पाणी अडवते. आणि ती मिळते गढीत. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्यात गाढवं चढायची, टोपल्या भरायच्या, आणि तट थोडा थोडा घरांवर जाऊन बसायचा. मिस्त्री म्हणायचे की गढी पडलेली नाही, ती पसरली आहे. संध्याकाळी बुरुजावरून खाली बघितलं की ते पटायचं. सगळी छपरं पांढरी, आणि त्यांच्यामध्ये हळद वाळत घातलेली पिवळी अंगणं. वाटायचं, हे गाव कुणीतरी तिथे वाळत घातलंय आणि विसरलंय.

बुरूज उरला होता तो मिस्त्रींमुळे. तिथली माती कुणी काढायला गेलं की ते जिन्यात आडवे बसायचे.

त्या वर्षी गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली. आणि टाकीला जागा हवी उंचावर. अभियंता जीपमधून आला, दुर्बिणीसारखं काहीतरी तीन पायांवर ठेवून त्यातून बघितलं, आणि बुरुजाकडे बोट केलं. पाया तिथेच पक्का होता, उतार तिथूनच सगळीकडे मिळत होता. देशमुखांनी जागा द्यायचं कबूल केलं होतं. राहिला होता फक्त त्यांचा संमतीचा कागद.

सरपंचबाई तांड्यावरच्या. उंच, हातात कोपरापर्यंत बांगड्या, बोलणं कुऱ्हाडीसारखं. त्यांच्या तांड्यावरच्या बायका पौष संपला की नदीच्या वाळूत झिरे खणायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. एका घागरीला अर्धा तास. सरपंचबाई स्वतः सरपंच झाल्यावरही भरत होत्या. त्यामुळे ग्रामसभेत ठराव मांडला तेव्हा विरोध करायची कुणाची छाती नव्हती. सगळे हात वर झाले. मग मागून मिस्त्री उठले.

मला वाटलं, आता हे आडवे बसणार. पण ते म्हणाले, "पाडा. मी न्हाई म्हणत न्हाई. फकस्त पाडायच्या आधी मला तो दुरुस्त करू द्या."

सभेला क्षणभर कळलंच नाही. मग असा हशा पिकला की पिंपळावरचे बगळे उडाले. सरपंचबाईंनी हसू आवरत विचारलं, "मिस्त्री, खाटकाकडं न्यायच्या बोकडाचे कुणी दात घासतं का?"

मिस्त्री खाली बसले. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. नुसती टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. इतकी वर्षं गावाने त्यांची टर उडवली होती आणि त्यांनी ती मानाने मिरवली होती. त्या दिवशी मात्र ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला बुरुजावर घेऊन गेले. बुरुजाच्या पोटात एक गोल खोली होती. मी आत पाऊल टाकलं आणि थांबलोच. भिंतीत सात जंग्या होत्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची अरुंद भोकं, आणि त्या सातांतून उजेडाचे सात पट्टे तिरपे जमिनीवर उतरले होते. त्यात धूळ तरंगत होती. बाहेर कुठेतरी कढईत हळद शिजत होती, तिचा वास आत येऊन त्या पट्ट्यांत थांबल्यासारखा वाटत होता. मी म्हटलं, किती सुंदर आहे हे.

मिस्त्रींनी बरोबर आणलेला तांब्या वर केला, अर्धा प्याले, आणि उरलेलं पाणी एका जंगीच्या तळाच्या काळ्या फरशीवर ओतलं. पाणी घरंगळत आत आलं आणि माझ्या चपलांवर पडलं.

"आत आलं न्हवं?" ते म्हणाले. "बाहीर जायला पायजे व्हतं."

मग त्यांनी सांगितलं. रझाकारांचे दिवस होते ते. रोज कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी यायची. देशमुखांनी गढी दुरुस्त करायला मिस्त्रींच्या उस्तादाला बोलावलं. कंगुरे बांधून झाले, खालच्या जंग्या राहिल्या, आणि उस्तादाला हिवताप चढला. चार दिवस तो गोधडीत. घाई तर अशी की एकेक दिवस मोलाचा. मग अठरा वर्षांच्या आमच्या मिस्त्रींनी एकट्याने सातही जंग्या बसवल्या. तोवर त्यांनी फक्त घरांचे झरोके केले होते. झरोक्याचा उतार आत ठेवतात, उजेड खाली उतरावा म्हणून. जंगीचा उतार बाहेर ठेवतात, बंदुकीची नळी खाली झुकावी म्हणून, तटाशी आलेला माणूस दिसावा म्हणून.

"मी सातीच्या साती झरोके केले," मिस्त्री म्हणाले.

पाचव्या दिवशी उस्ताद गोधडी पांघरूनच वर आला. पाणी मागितलं. अर्धं प्याला, अर्धं फरशीवर ओतलं, आणि आपल्या पायांवर आलेल्या पाण्याकडे बघत राहिला. मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "बेटा, ये तो तूने खिड़की बना दी."

पुन्हा करायला वेळ नव्हता. वाड्यावस्त्यांवरची माणसं गाठोडी घेऊन दरवाज्यातून आत येत होती. अकरा दिवस दोनशे माणसं गढीत राहिली. बायका-लेकरं ह्या खोलीत. मिस्त्री वर कंगुऱ्याआड दगडांचा ढीग करून बसलेले. आणि सबंध गावात फक्त दोघांना माहीत होतं की हल्ला झालाच तर ह्या बुरुजातून सुटलेली प्रत्येक गोळी आभाळात जाणार आहे.

"घारीला लागली असती," ते म्हणाले. "न्हाई तर चांदण्याला."

रझाकार आले नाहीत. नदीपल्याड एक दिवस धूळ दिसली, थोडा वेळ थांबली आणि दुसरीकडे वळली. माणसं घरी गेली. उस्ताद हैदराबादकडे गेला तो परत आला नाही. मी म्हटलं, मिस्त्री, याला पन्नास वर्षं होत आली. काही झालं तर नाही ना.

"झालं न्हाई म्हणून तर डोक्यात ऱ्हायलंय. झालं असतं तर मी बी उरलो नसतो."

त्यांना काय हवं होतं ते मग मला कळलं. बुरूज पडल्यावर त्याची माती जाणार होती घराघरांच्या माळवदांवर, रिवाजाप्रमाणे. म्हणजे त्यांची चूक टोपल्याटोपल्याने वाटली जाणार, आणि ज्यांना त्यांनी उघड्यावर टाकलं होतं त्यांच्याच लेकरांच्या डोक्यावर छप्पर होऊन बसणार. बुरूज जावा, त्याला त्यांची ना नव्हती. पण जाताना तो बरोबर असायला हवा होता.

आता माझ्या आयुष्यातला पहिला आणि अतिशय गोड लागलेला गैरव्यवहार सांगतो. देशमुखांचं संमतीपत्र दुसऱ्याच दिवशी टपालाने आलं. मी ते उघडलं, वाचलं, घडी घातली, आणि पेटीत तळाशी, आईने दिलेल्या शालीखाली ठेवून दिलं. विचारलं की सांगायचो, हैदराबादचं टपाल, काय भरवसा. चार दिवसांनी सरपंचबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या आणि माझ्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "कागद यायला होळीपतूर येळ लागंल म्हणतेत. व्हय ना?"

मी म्हटलं, हो, साधारण होळीपर्यंत.

"होळीच्या दुसऱ्या दिशी न्हाई आला तर मी येऊन काढीन. पेटीला कुलूप नका लावू, तोडायला लागतंय." आणि जाता जाता मिस्त्रींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमी अजून वीस दिस वाटीनं भरतो. तुमी दात घासा."

मिस्त्रींनी कामाला हात घातला. सकाळी उन्हाआधी चढायचे. मी दप्तर उरकून दुपारी जायचो, चुना कालवायचो, फरशीचं एक टोक धरायचो. एक जंगी सोडवायची, काळी फरशी उचलायची, उतार फिरवायचा, पुन्हा विटा आणि चुना. झालं की अर्धा तांब्या पाणी. पाणी बाहेर गेलं आणि खाली कोरड्या मातीवर टपकल्याचा आवाज आला की मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे, गाणं ऐकल्यासारखे.

आणि खोली अंधारत चालली. माझ्या ते आधी लक्षातच आलं नाही. एक जंगी बरोबर झाली की जमिनीवरचा एक पट्टा नाहीसा व्हायचा. त्या जागी फटीतून लांबची बांधावरची बाभूळ दिसायची, पायवाट दिसायची, तटाखाली आलेलं कुत्रं दिसायचं. अगदी जसं दिसायला हवं तसं. दोन, तीन, चार. सहावी झाली तेव्हा खोलीत एकच पट्टा उरला होता आणि मिस्त्री त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

होळी दोन दिवसांवर. मी भाकरी घेऊन जायचो, त्या दिवशी तालुक्याहून उशिरा आलो, म्हणून मामी स्वतःच फडकं घेऊन चढल्या. लहानपणी आल्या होत्या त्यानंतर त्यांनी बुरुजात पाय ठेवला नव्हता. साप असतात म्हणून शेळ्यांनाही इकडे येऊ देत नसत. मी धापा टाकत त्यांच्या मागोमाग पोचलो. त्या दारातच उभ्या होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "इतला अंधार काहून केलाव?"

मिस्त्री सातव्या फरशीशी पहार घेऊन वाकलेले. म्हणाले, "उतार उलटा व्हता. सरळ करून राहिलो."

"कशाचा उतार? हितं तर खिडक्या व्हत्या."

"खिडक्या न्हवत्या त्या. जंग्या व्हत्या. बंदुकीच्या."

"बंदुका कुठं व्हत्या?" मामी म्हणाल्या. "सबंध गढीत दोन. त्यातली एक फुटकी."

मग त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि खोलीभर हात फिरवत सांगू लागल्या, जणू कालचं सांगतायत. आठ वर्षांच्या होत्या. वाडीवरून आई आणि धाकट्या भावाबरोबर आल्या होत्या. अकरा दिवस इथेच. दिवा लावायची बंदी, बाहेरून दिसेल म्हणून. दुसऱ्या बुरुजात बसलेल्या बायका सांगायच्या की तिकडे डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, लेकरं रडून रडून निळी होतात. इथे मात्र सकाळ झाली की सात पट्टे उतरायचे. एकेका पट्ट्यात एकेक घर बसायचं. आई त्यात ज्वारी निवडायची. भाऊ मुठीत धूळ पकडायचा. लेकरं पट्ट्यात बसण्यासाठी भांडायची, आणि पट्टा सरकला की सगळी त्याच्यामागे बसल्या जागी सरकायची. भीती वाटली का, मी विचारलं. "लेकरायला कसली भीती? ऊन व्हतं ना."

मिस्त्रींनी पहार खाली ठेवली होती. "तुजी कंची व्हती?" त्यांनी विचारलं.

मामींनी बोट दाखवलं. तिसरी. आम्ही दहा दिवसांपूर्वी बरोबर करून टाकलेली.

ते तिसरीकडे बघत राहिले. तिथून आता पायवाट दिसत होती. "मला कवा सांगितलं न्हाईस," ते म्हणाले.

"तुमी कवा इचारलंव? अन् तुमी तर म्हणायचेव हे काम उस्तादाचं."

"माजं व्हतं."

मामींनी त्यांच्याकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्या माणसाचं माप घेतायत असं वाटलं. मिस्त्रींनी सातव्या जंगीच्या फरशीवर हात ठेवला. तिथून उतरणारा पट्टा त्यांच्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या मनगटावर पडला होता.

"ही चालंल का?" त्यांनी विचारलं.

"आता काय मी लेकरू हाय का?" मामी म्हणाल्या. मग त्या पट्ट्याकडे बघून, "चालंल."

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी कागद पेटीतून काढून सरपंचबाईंना दिला. त्यांनी तो हुंगला आणि म्हणाल्या, हैदराबादच्या टपालाला डांबरगोळ्यांचा वास येतो वाटतं. बुरूज पाच दिवसांत उतरला. गाढवं आली, टोपल्या आल्या, आणि माती सगळ्या माळवदांवर गेली. सहा जंग्या बरोबर झालेल्या आणि एक तशीच राहिलेल्या बुरुजाची माती. मिस्त्री जिन्यात आडवे बसले नाहीत. ती सातवी काळी फरशी तेवढी त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून घरी नेली.

टाकी झाली. गोल, पांढरी, आणि नकाशात नसलेले सात कंगुरे डोक्यावर घेऊन. अभियंता बघायला आला तेव्हा रागावून म्हणाला, हे कुणाच्या मंजुरीने? सरपंचबाई म्हणाल्या, माझ्या; आणि त्याच्या हातात टाकीच्या पहिल्या पाण्याचा तांब्या दिला. तो प्याला. मिस्त्री बाजूलाच उभे होते. अर्धा उरलेला तांब्या त्यांनी अदबीने त्याच्या हातातून काढून घेतला, आणि शिडीने वर कंगुऱ्यांच्या फटीशी कशाला गेले ते तुम्हाला माहीत आहे. पाणी बाहेर गेलं.

माझी बदली झाली. कळमनुरीकडे गेलो, वारंगा फाट्यावर बरीच वर्षं काढली, बढती घेतली, पोट सुटलं. मिस्त्रींच्या मापाने आता मला कंगुरा किती रुंद लागला असता, ते सांगायला ते उरले नाहीत. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. खोड मात्र त्यांनी माझ्याकडे ठेवून दिली. कुठल्याही कचेरीत पाणी आलं की मी अर्धंच पितो, उरलेलं खिडकीच्या काठावर ओततो, आणि माझ्यामुळे एकदा एक सबंध टेबल वाळत घालावं लागलं होतं.

एका उन्हाळ्यात त्या बाजूला काम निघालं तेव्हा गेलो. तोवर आमचा जिल्हा वेगळा होऊन सात-आठ वर्षं झाली होती. टाकी रस्त्यावरूनच दिसली. गावातली पोरं तिला किल्ला म्हणतात. मामी चुलीपुढे बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून ओळखलं. "लहान कंगुरा," म्हणाल्या, आणि तांब्या पुढे केला.

चुलीच्या वर भिंतीतल्या झरोक्यात ती सातवी काळी फरशी बसवलेली होती. उतार आत. तिच्यावरून उन्हाचा एक पट्टा उतरून परातीतल्या पिठावर पडला होता आणि त्यात धूर आपला सावकाश फिरत होता. मी अर्धं पाणी प्यालो, सवयीने उठलो, आणि उरलेलं त्या फरशीवर ओतायला हात उचलला.

"तिथं नका वतू," मामी मान वर न करता म्हणाल्या. "पाणी आतच येतंय त्याचं. पावसाळ्यात परात ठिवती मी खाली."

मी म्हटलं, मामी, मग उतार फिरवून घ्या ना. आता चांगले गवंडी मिळतात.

त्यांनी भाकरी थापायची थांबवली. पट्टा सरकून त्यांच्या गुडघ्यापाशी आला होता. त्या बसल्या जागीच जरा बाजूला सरकल्या, जमिनीवर पिठाचा हात फिरवून माझ्यासाठी तेवढी जागा साफ केली, आणि म्हणाल्या, "बसा हितं. उन्हात."